वास हा पुरावा आहे का? दारू पिऊन गाडी चालवण्याच्या खटल्यांचा एक इतिहास



नाशिकमध्ये सीबीएससमोरच्या जुन्या आग्रा रोडवर जिल्हा न्यायालय आहे. थर्टी फर्स्ट होऊन गेला, धुळवड होऊन गेली, की पुढच्या काही दिवसांत तिथे एक विशिष्ट प्रकारची गर्दी होते. तोंडं उतरलेली, हातात नाक्यावर मिळालेली चिठ्ठी, सोबत एखादा मित्र. कलम १८५. पुकारा होतो, आरोप वाचून दाखवला जातो आणि प्रश्न येतो, "गुन्हा कबूल आहे का?" बहुतेक जण मान हलवतात. दंड भरतात, निघून जातात. सगळं मिळून काही मिनिटांचं काम.

"नाही, कबूल नाही" असं म्हटलं तर काय होतं, हा आजचा आपला विषय. आम्ही इथे वकिली सल्ला द्यायला उभे नाही, हे आधीच सांगतो. आमचा मुद्दा इतिहासाचा आहे. आपल्या राज्यातला दारू पिऊन गाडी चालवण्याविषयीचा कायदा नुसता विधिमंडळात तयार झाला नाही. त्याचा बराचसा भाग आरोपीच्या पिंजऱ्यातून तयार झालाय. कोणीतरी उभं राहून म्हणालं, "हे सिद्ध करून दाखवा." ते सिद्ध करता आलं नाही, म्हणून कायदा बदलला. पुढच्याने बदललेल्या कायद्याला विचारलं, "मग तुम्ही तुमचेच नियम पाळलेत का?" असं हे साठ-सत्तर वर्षं चाललं आहे.

सुरुवात थोडी लांबून करू. मुंबई प्रांतात, म्हणजे त्यात आपलं नाशिकही आलं, दारूबंदीचा कायदा झाला १९४९ साली. मोरारजी देसाई तेव्हा गृहमंत्री. आज या कायद्याला महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम म्हणतात आणि तो अजून लागू आहे. ज्या जिल्ह्यात गंगापूर धरणाच्या बाजूला द्राक्षांच्या बागांतून वाइनरी बघायला बसगाड्या येतात, त्याच जिल्ह्यात कागदोपत्री पिण्याचा परवाना लागतो. लोक हसतात त्यावर. पण आपल्या विषयासाठी हे लक्षात ठेवणं फार गरजेचं आहे, कारण त्या काळात पिऊन गाडी चालवणाऱ्यावर दोन वेगळे आरोप एकदम यायचे. एक, तू गाडी बेदरकार चालवलीस. दुसरा, तू प्यायलासच कशी? दारूबंदीच्या कलम ६६(१)(ब) खाली नुसतं पिणं हाच गुन्हा. गाडी असो की नसो.

म्हणजे बघा, रस्त्यावर माणूस जखमी झाला असेल, आणि कोर्टात चर्चा चालणार पोटात काय गेलं याची.

या कायद्याला आव्हान दिलं फ्राम नुसरवानजी बलसारा यांनी. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २५ मे १९५१ चा. बहुतेक कायदा टिकला. पण एक तुकडा गळाला : औषधं आणि प्रसाधनं, ज्यांत अल्कोहोल असतं, ती वापरण्यावर किंवा घेण्यावर सरसकट बंदी घालता येणार नाही, असं न्यायालयाने म्हटलं. टॉनिक, यूडी कोलोन वगैरे. तसं पाहिलं तर किरकोळ वाटावी अशी गोष्ट. आता तारीख लक्षात ठेवा, २५ मे.

चार दिवसांनी, २९ मे १९५१ ला, रात्री साडेनऊच्या सुमारास मुंबईत कुलाब्याकडे एक जीप चालली होती. तिने तीन जणांना धडक दिली. चालवणारे होते बेहराम खुर्शेद पेसिकाका. आणि ते कोण? तर मुंबई विभागाचे कार्यवाहक रीजनल ट्रान्सपोर्ट ऑफिसर. लोकांना लायसन्स देणाऱ्या खात्याचे साहेब! कथेत लिहिलं असतं तर संपादकाने "हे जरा जास्त होतंय" म्हणून खोडलं असतं.

पेसिकाकांना सेंट जॉर्जेस हॉस्पिटलमध्ये नेलं. डॉक्टरांनी तपासलं. तोंडाला अल्कोहोलचा वास होता, डोळे लालसर होते, बाहुल्या काहीशा विस्फारलेल्या पण उजेडाला प्रतिसाद देत होत्या. बोलणं मात्र सुसंगत. सरळ रेषेत चालता येत होतं, वागणं ताळ्यावर होतं. डॉक्टरांचं मत पडलं, की अल्कोहोल पोटात गेलंय खरं, पण माणूस त्याच्या अंमलाखाली नाही. त्या वेळी तपासणी म्हणजे एवढंच : वास, डोळे, बोलणं, चाल. रक्ताचा आकडा या खटल्यात कुठेच नाही.

बचाव काय होता? साहेबांनी बी. जी. फॉस नावाचं टॉनिक घेतलं होतं. त्यात सतरा टक्के अल्कोहोल असायचं. म्हणजे आजचा "साहेब, खोकल्याचं औषध घेतलंय" हा जो नाक्यावरचा विनोद आहे ना, त्याला सर्वोच्च न्यायालयापर्यंतची वंशावळ आहे.

प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेटने त्यांना दोन्ही आरोपांतून सोडलं. सरकार हायकोर्टात गेलं. हायकोर्टाने बेदरकारपणाच्या आरोपातली सुटका कायम ठेवली, पण दारूबंदीखाली दोषी ठरवलं : एक महिना सक्तमजुरी आणि ५०० रुपये दंड. हायकोर्टाचं म्हणणं साधारण असं होतं, की अल्कोहोल घेतल्याचं दिसतंय. ते औषधातून आलं असेल तर ते आरोपीनेच दाखवायला हवं. ऐकायला पटतं. आपल्यापैकी बहुतेकांना पटेल. टॉनिक घेतलं ते घेणाऱ्यालाच माहीत, मग त्यानेच सांगावं.

१९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने हे उलटवलं. युक्तिवादाचा गाभा असा : बलसारा निकालानंतर औषधी अल्कोहोल घेणं हा गुन्हाच उरलेला नाही. मग गुन्हा काय, तर बंदी असलेली दारू पिणं. गुन्हा सिद्ध करायचा भार कोणावर? सरकार पक्षावर. म्हणजे नुसता अल्कोहोलचा वास दाखवून भागणार नाही. तो वास बंदी असलेल्या दारूचाच आहे, हे सरकारने दाखवलं पाहिजे. न्यायमूर्ती सुधी रंजन दास यांचं मत वेगळं पडलं. पण बहुमताने पेसिकाका सुटले.

इथे थोडं थांबू या, कारण या निकालाकडे दोन तऱ्हांनी बघता येतं आणि आम्हाला दोन्ही खऱ्या वाटतात. एक बाजू अशी, की ज्या राज्याने घराघरात शिरून माणसाच्या ग्लासाचा वास घ्यायचं ठरवलं होतं, त्याला न्यायालयाने सांगितलं, संशय म्हणजे पुरावा नव्हे. हे मोठं काम झालं. आणि दुसरी बाजू? धडक बसलेले तिघे. त्यांची नावं निकालात सुरुवातीला येतात. त्यांना लागलेला मार येतो. मग हळूहळू ते निकालातून नाहीसे होतात, आणि पानंच्या पानं टॉनिक, घटना, मूलभूत हक्क, निरर्थक ठरलेल्या तरतुदीचा परिणाम काय, यावर जातात. हे न्यायमूर्तींचं चुकलं असं आम्ही म्हणत नाही. समोर प्रश्नच तो होता. प्रश्न तसा का आला, हे पाहायला हवं. कायदा पिण्याच्या पापाला धरत होता, गाडीच्या धोक्याला नाही. म्हणून बचावही पिण्याविषयीच झाला.

गाडीच्या धोक्याला धरणारा कायदा नव्हता का? होता. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात कलम ११७ होतं. त्याची मूळ भाषा अशी होती, की दारूचा किंवा अमली पदार्थाचा अंमल इतका हवा, की चालकाला गाडीवर योग्य ताबा ठेवता येणार नाही. आता हे कसं सिद्ध करणार? पुन्हा तेच : चाल, बोलणं, डोळे. पेसिकाका तर सरळ रेषेत चालून दाखवत होते.

जगात तोवर दुसरी वाट सापडली होती. लंडनमध्ये १८९७ साली पहिल्यांदा एका टॅक्सीवाल्याला पिऊन गाडी चालवल्याबद्दल दंड झाला, तेव्हा मोजमाप काही नव्हतंच. त्याने स्वतःच कबूल केलं होतं. पण नॉर्वेने १९३६ मध्ये रक्तातल्या अल्कोहोलचा आकडाच कायद्यात घातला, ०.०५ टक्के. त्यामागे स्वीडनच्या एरिक विडमार्क या शास्त्रज्ञाचं काम होतं. माणसाच्या रक्तात अल्कोहोल किती चढतं, तासाला किती उतरतं, याचा हिशेब त्यांनी मांडला. रक्त हा साक्षीदार झाला. तो घाबरत नाही, पाहुण्यांची भीड धरत नाही.

आपल्याकडे तो आकडा आला १९५९ च्या दुरुस्तीने, दारूबंदी कायद्यात. पेसिकाका निकालाने सरकारची जी अडचण केली होती तिच्यावरच हे उत्तर होतं, हे कलम ६६ चं नवं पोटकलम वाचताच कळतं. रक्तात ०.०५ टक्के किंवा जास्त अल्कोहोल निघालं, तर ते औषधातून आलं हे सिद्ध करायचा भार आरोपीवर. नाही केलं, तर कोर्ट त्याच्याविरुद्ध गृहीत धरणार. म्हणजे हायकोर्टाला जे म्हणायचं होतं ते विधिमंडळाने म्हटलं, पण एक आकडा मध्ये ठेवून. याला जोडून कलम १२९-अ आणि १२९-ब आले : रक्त कोणी, कधी घ्यायचं, आणि तपासणीचा दाखला पुरावा म्हणून कसा वाचायचा. आणि त्याच वर्षी नियम झाले.

हे १९५९ चे नियम एकदा वाचण्यासारखे आहेत. इतकं बारीक लिहिलंय! सिरिंज उकळत्या पाण्यात निर्जंतुक करायची. सुई टोचायची ती जागा निर्जंतुक पाण्याने पुसायची. रक्त काढताना कुठल्याही टप्प्यावर अल्कोहोलला हात लावायचा नाही. का? कारण दवाखान्यात सवयीने कापसावर स्पिरिट घेऊन दंड पुसतात. तसं केलं की उलटतपासणीत प्रश्न आलाच : "डॉक्टर, नमुन्यात सापडलेलं अल्कोहोल आरोपीच्या पोटातलं कशावरून? तुमच्या कापसावरचं कशावरून नाही?" मग कुपी. कुपीत रक्त गोठू नये आणि खराब होऊ नये म्हणून रसायन हवं, आणि ते मिसळावं म्हणून कुपी जोरात हलवायची. लेबल लावायचं. झाकणावर लाख, लाखेवर डॉक्टरचा शिक्का. सात दिवसांच्या आत तपासणाऱ्याकडे पोचली पाहिजे.

प्रत्येक वाक्यामागे एक उलटतपासणी दिसते. रक्त खोटं बोलत नाही, हे खरं. पण रक्त स्वतः चालत मुंबईला जात नाही. त्याला माणसं नेतात. वॉर्डबॉय, कंपाउंडर, हवालदार. त्या साखळीत कुठेही "मधे ही कुपी कोणाकडे होती?" याला उत्तर नसेल, तर आकड्याला किंमत उरत नाही.

आणि हे व्हायला फार वेळ लागला नाही. पुढचा मोठा खटला आपल्या शेजारचाच आहे, धुळ्याचा. उखा कोल्हे विरुद्ध महाराष्ट्र राज्य. कायद्याचे विद्यार्थी हे नाव पाठ करतात, पण ते खानदेशातलं आहे हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

एप्रिल १९६१. गाडीला अपघात. धुळ्याच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये चालकाला आणलं. डॉक्टरांना वास आला आणि त्यांनी रक्त घेऊन ठेवलं. इथेच सगळी गंमत आहे. पोलिसांनी सांगितलं म्हणून नव्हे, तपास सुरू झाला म्हणूनही नव्हे. कलम १२९-अ प्रमाणे आधी अंमलदाराने संशयिताला डॉक्टरकडे पाठवायचं, मग रक्त. इथे रक्त आधी निघालं. कुपी काही दिवस हॉस्पिटलातच राहिली, मग पोलिसांकडे आणि तिथून तपासणीला गेली. आकडा ०.०५ च्या वर निघाला. मॅजिस्ट्रेटने शिक्षा दिली.

अपिलात सत्र न्यायालयाला दिसलं, की कुपी मधल्या काळात कुठे होती, कशी ठेवली होती, मोहोर शाबूत होती का, याचा पुरावाच नीट आलेला नाही. मग? सत्र न्यायालयाने शिक्षा रद्द केली आणि सांगितलं, खटला पुन्हा पहिल्यापासून चालवा. हायकोर्टाने त्यात हात घातला नाही. आरोपी सर्वोच्च न्यायालयात गेला. त्याचं म्हणणं होतं, सरकारचा पुरावा तोकडा पडला, तर मला सोडा; त्यांना दुसरी संधी कशाला?

१९६३ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला. बहुमताचा निकाल न्या. जे. सी. शहांचा. त्यातली पहिली गोष्ट आरोपीच्या बाजूची : सरकार पक्षाला जो पुरावा देता आला असता आणि त्याने दिला नाही, तो द्यायला मिळावा म्हणून फेरखटल्याचा आदेश देता येत नाही. फेरखटला म्हणजे आरोपीला सगळा ताण, सगळा खर्च दुसऱ्यांदा. हे तत्त्व आजही देशभरच्या फौजदारी खटल्यांत सांगितलं जातं, ज्यांचा दारूशी काडीचा संबंध नाही अशाही. धुळ्याच्या एका कुपीची ही देणगी.

दुसरी गोष्ट सरकारच्या बाजूची : पण अपील ऐकताना सत्र न्यायालय जादा पुरावा घेऊ शकतं, कुपीचा प्रवास दाखवायचा असेल तर त्या वाटेने दाखवा. आणि तिसरी : १२९-अ हा रक्ताचा पुरावा आणण्याचा एकमेव रस्ता नाही. डॉक्टरने स्वतःहून घेतलेलं रक्तसुद्धा, बाकी सगळं नीट सिद्ध झालं, तर चालेल.

न्या. सुब्बा राव यांचं यावर एकमत नव्हतं. त्यांचं म्हणणं, कायद्याने आरोपीवर एवढा जड भार टाकलाय, तो ठरावीक पद्धतीच्या बदल्यात. पद्धत पाळली नाही तर भारही टाकता येणार नाही. आम्हाला विचाराल तर मनाने आम्ही सुब्बा रावांकडे झुकतो. सिद्ध करण्याचा भार उलटा फिरवणं ही फौजदारी कायद्यात साधी गोष्ट नाही, आणि ज्याच्यावर तो फिरवला त्याला निदान पद्धत तरी अक्षरशः मिळाली पाहिजे. पण अपघातातला जखमी माणूस आणि मध्यरात्रीचं सिव्हिल हॉस्पिटल डोळ्यांपुढे आणलं, की शहांचंही पटतं. डॉक्टरने तेव्हा अंमलदाराच्या पत्राची वाट बघायची? रक्तातलं अल्कोहोल तासागणिक उतरत असतं. पुरावाच उतरत असतो म्हणा ना.

मग १९७१ चा बच्चूभाई हसनअली कऱ्यानी यांचा खटला, पुन्हा महाराष्ट्रातलाच. तोंडाला वास, चाल डळमळीत, बोलणं तुटक, बाहुल्या विस्फारलेल्या. चारही लक्षणं. पण रक्त किंवा लघवी तपासली नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, एवढ्यावरून आरोपी प्यायलेला होता असं धरता येणार नाही. आपण स्वतःला विचारावं, नुकतीच ज्याच्या हातून गाडीखाली माणूस गेलाय, तो न पितासुद्धा कसा चालेल, कसा बोलेल? हा निकाल आजही बचावाच्या वकिलाचा हुकमी पत्ता आहे. वास पुरेसा नाही. चालण्यावरून ठरवू नका. मोजलंत का ते सांगा.

आता मोटार वाहन कायदा. १९८८ साली नवा कायदा झाला तेव्हा कलम १८५ मध्ये अल्कोहोल "कितीही अल्प" असलं तरी गुन्हा, अशी भाषा होती. ती टिकवणं अवघड होतं. १९९४ च्या दुरुस्तीने आकडा आला : १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त, आणि ते ब्रेथ अ‍ॅनालायझरच्या चाचणीत आढळलं पाहिजे. दारूबंदी कायद्याचं ०.०५ टक्के म्हणजे ५० मिलिग्रॅम. म्हणजे ४० मिलिग्रॅमवाला माणूस एका कायद्याच्या गृहीतकात बसत नाही आणि दुसऱ्याचा सरळ गुन्हेगार होतो. दोन्ही कायदे एकाच शहरात, एकाच रस्त्यावर. हिशेबासाठी सांगतो, ब्रिटनने १९६७ मध्ये ८० मिलिग्रॅमची मर्यादा घातली. आपली ३० ची मर्यादा जगात कडकच म्हणावी लागेल.

यंत्र आलं तसे प्रश्नही नवे आले. ते रक्त मोजत नाही, श्वास मोजतं आणि गुणाकार करतं. साधारणपणे श्वासातल्या अल्कोहोलच्या २१०० पट रक्तात, असं धरून. प्रत्येक माणसाच्या बाबतीत हे प्रमाण तंतोतंत तेवढंच नसतं. नुकतीच चूळ भरली असेल, माउथवॉश वापरला असेल, तर तोंडातलंच अल्कोहोल मोजलं जातं. म्हणून मिनिटं पंधरा थांबून फुंकायला लावावं असं शास्त्र सांगतं. यंत्राचं कॅलिब्रेशन कधी झालं? चिठ्ठीवर वेळ, तारीख, नाव बरोबर आहे का? कलम २०३ आणि २०४ मध्ये श्वासाची आणि प्रयोगशाळेतली चाचणी कधी, कशी, हे दिलंय. पोलिसांनी अटक केली तर दोन तासांत वैद्यकीय तपासणी व्हायला हवी, असं कलम २०२ म्हणतं. आणि फुंकायला नकार देऊन सुटता येईल असं कोणी समजू नये. कलम २०५ प्रमाणे विनाकारण दिलेला नकार आरोपीच्या विरुद्धच वापरता येतो. आणखी एक प्रश्न बरीच वर्षं कोर्टात घोळत राहिला : कलमात ब्रेथ अ‍ॅनालायझर लिहिलंय, मग नुसत्या रक्ताच्या अहवालावर शिक्षा होईल का? २०१९ च्या दुरुस्तीने "प्रयोगशाळेतील चाचणीसह अन्य चाचणी" असे शब्द घालून ते भोक बुजवलं. त्याच दुरुस्तीने पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा हजारांपर्यंत नेला. पुन्हा तोच क्रम, बघा : पिंजऱ्यातून प्रश्न, मग संसदेतून उत्तर.

मुंबईचे दोन खटले सगळ्यांना माहीत आहेत, म्हणून थोडक्यात. १२ नोव्हेंबर २००६ ची पहाट, कार्टर रोड. फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर गाडी गेली. सात जण मेले, आठ जखमी. अ‍ॅलिस्टर परेरा यांच्या रक्तात ०.११२ टक्के अल्कोहोल निघालं. सत्र न्यायालयाने निष्काळजीपणाचं कलम लावून सहा महिने दिले. हायकोर्टाने सदोष मनुष्यवधाचं कलम लावून तीन वर्षं केली. सर्वोच्च न्यायालयात बचावाचा एक मुद्दा असा होता, की आरोपीचा जबाब घेताना पिण्याबद्दल त्याला नीट विचारलंच नाही. न्यायालयाला त्यामुळे त्याच्यावर अन्याय झाल्याचं दिसलं नाही. जानेवारी २०१२ मध्ये शिक्षा कायम झाली.

दुसरा खटला सलमान खान यांचा. २८ सप्टेंबर २००२, वांद्रे, पुन्हा फुटपाथ, एक मृत्यू. मे २०१५ मध्ये सत्र न्यायालयाने पाच वर्षांची शिक्षा दिली. डिसेंबर २०१५ मध्ये हायकोर्टाने निर्दोष सोडलं : ते प्यायले होते आणि गाडी तेच चालवत होते, या दोन्ही गोष्टी संशयापलीकडे सिद्ध झाल्या नाहीत. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं. आपल्याला इथे रस आहे तो एका तपशिलात. हॉस्पिटलात ६ मिलिलिटर रक्त घेतल्याचा पुरावा होता आणि प्रयोगशाळेत पोचलं ते ४. मधल्या दोन मिलिलिटरचा आणि नमुन्याच्या प्रवासाचा प्रश्न बचाव पक्षाने लावून धरला. टीव्हीवर तेव्हा लोक संतापले, "दोन मिलिलिटरवर माणूस सुटतो?" पण धुळ्याची कुपी ज्याला माहीत आहे, त्याला त्यात नवीन काही वाटायचं कारण नाही. चोपन्न वर्षांचं अंतर, आणि प्रश्न तोच : मधे ही कुपी कोणाकडे होती?

संताप कशाचा करायचा, यावर आमचं मत थोडं वेगळं आहे. पोलीस प्रशिक्षणाची संस्था १९०९ पासून आपल्या नाशिकमध्ये आहे. राज्यभरचे फौजदार त्र्यंबक रोडवर तयार होऊन जातात. विभागीय न्यायसहायक प्रयोगशाळाही आता नाशिकमध्येच आहे. रक्ताला मुंबईची वाट धरावी लागत नाही. ज्ञान इथे आहे, यंत्रणा इथे आहे. लाखेचा शिक्का नीट मारणं, नोंदवहीत वेळ लिहिणं, कापसावर स्पिरिट न घेणं, ही १९५९ पासून लिहून ठेवलेली कामं आहेत. ती न झाल्याने सुटलेल्या आरोपीला "पळवाट सापडली" असं आपण म्हणतो. पळवाट त्याने खोदलेली नसते. ती तपासात राहिलेली असते.

आणि आता परत सीबीएसजवळच्या त्या गर्दीकडे. आम्ही आज जेवढी नावं घेतली, त्यांत एक मोठा अधिकारी होता, एक नट होता. त्यांच्यामागे वकिलांची फौज उभी राहू शकत होती. उखा कोल्हे मात्र चालक होते, आणि तरीही त्यांचा खटला पाच न्यायमूर्तींपुढे गेला. हे अपवादाचं आहे. टेम्पो चालवणारा, कंपनीची बस चालवणारा माणूस गुन्हा कबूल करतो, कारण तारखांना येण्यात त्याची रोजंदारी जाते आणि दहा हजारांचा दंड वकिलाच्या फीपेक्षा परवडतो असं त्याला वाटतं. त्याला कोणी सांगत नाही, की दोषी ठरल्यावर लायसन्सवर गदा येऊ शकते आणि त्याचं पोट लायसन्सवर आहे. त्याला कोणी सांगत नाही, की दुसऱ्यांदा सापडला तर दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि ते "दुसऱ्यांदा" मोजताना आजची मान हलवणं पहिलं धरलं जाईल. खरोखर प्यायला असेल तर कबूल करावं, त्यात वावगं नाही; अनेकदा तेच शहाणपणाचं. पण चिठ्ठीवर ३१ चा आकडा असेल, यंत्राचं कॅलिब्रेशन कधी झालं हे कोणालाच माहीत नसेल, तर तो प्रश्न विचारायचा हक्क त्यालाही तेवढाच आहे, जेवढा जीपमधल्या साहेबांना होता. गरीब माणसाला मोफत विधी सेवेचा वकील मिळू शकतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय न्यायालयातच असतं, त्यासाठी वेगळीकडे जावं लागत नाही.

जाता जाता एक. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता जाऊन न्याय संहिता आली. निष्काळजीपणाने मृत्यूचं ३०४-अ आता १०६ झालं, सदोष मनुष्यवधाचं ३०४ आता १०५. वकिलांना आकडे नव्याने पाठ करावे लागतायत. कलम १८५ मात्र मोटार वाहन कायद्यातलं, ते होतं तिथेच आहे. आणि १९५९ च्या नियमांतलं ते वाक्यही, सुई टोचण्याआधी कातडी कशाने पुसायची त्याचं.

प्रश्न असतील तर आता घेऊ. मागे कोणीतरी हात वर केला होता, त्यांच्यापासून सुरुवात करू या.